खुबा अजून घडतो आहे

देवळाली कॅम्पातल्या माणसांना आवाजाचं अप्रूप नाही. स्कूल ऑफ आर्टिलरीचा सराव सुरू असला की रेंजवरच्या तोफेचा दणका घरात बसून ऐकू येतो आणि जुनी माणसं बोलणं न थांबवता पुढे बोलत राहतात. तोफखान्याचं आणि आवाजाचं नातंही जुनं. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग या तरुण शास्त्रज्ञाने ओळीने मायक्रोफोन मांडले, दणका प्रत्येकापर्यंत किती फरकाने पोचतो ते मोजलं आणि त्या फरकावरून न दिसणारी शत्रूची तोफ नेमकी कुठे आहे हे शोधायची पद्धत बसवली. डोळ्यांना जे दिसत नाही त्याची जागा आवाज सांगतो.

मला ज्या आवाजाबद्दल सांगायचं आहे तो मात्र देवळालीतच काय, कुठेच कुणाला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला फार तर २० हजार कंपनांपर्यंत पोचतो. हा आवाज सेकंदाला ७५ लाख कंपनांचा. सहा आठवड्यांच्या बाळाच्या खुब्यावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला की तो आत शिरतो, तीनेक सेंटिमीटर खोल जातो, आदळतो आणि माघारी येतो. या जाण्यायेण्याला एका सेकंदाचा जेमतेम पंचवीस हजारावा भाग लागतो. तेवढ्यात तो एक बातमी घेऊन येतो: या बाळाच्या खुब्याची उखळी पुरेशी खोल झाली आहे की नाही.

झाली आहे की नाही, असंच म्हणावं लागतं, कारण जन्माच्या वेळी खुबा पुरा झालेलाच नसतो. आईच्या पोटात अकराव्या आठवड्यापर्यंत मांडीच्या हाडाचा गोळा आणि कमरेच्या हाडातली त्याची उखळी दोन्ही आकाराला आलेली असतात. तेव्हा ती उखळी चांगली खोल असते, गोळ्याला पुरतं कवेत घेते. पण पुढे जसजसे दिवस भरत येतात तसतशी ती उथळ होत जाते आणि जन्माच्या सुमारास सगळ्यांत उथळ असते. जन्मानंतर ती पुन्हा खोल व्हायला लागते. रालिस आणि मॅकिबिन या दोघांनी १९७३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणजे ज्या घडीला बाळाला अरुंद वाटेने बाहेर यायचं असतं, नेमक्या त्याच घडीला त्याचे खुबे सगळ्यांत सैल. मला हे पहिल्यांदा वाचून थक्क व्हायला झालं होतं. जणू जन्माची वाट सुकर व्हावी म्हणून शरीर एवढी जोखीम पत्करतं!

बहुतेक बाळांच्या बाबतीत ती जोखीम निभावते. १९६२ मध्ये इंग्लंडातल्या सॅल्फर्डच्या डॉ. बार्लो यांनी आपल्याकडे जन्मलेल्या बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. साठातल्या एका बाळाचा खुबा हाताला सैल लागत होता. त्यातले निम्म्याहून अधिक पहिल्याच आठवड्यात आपोआप घट्ट झाले आणि दोन महिन्यांत शंभरातले ८८. उरलेल्यांचं मात्र तसं होत नाही. गोळा उखळीच्या काठावर रेंगाळतो किंवा साफ बाहेर निसटतो. हजारात एक-दोन बाळांचा सांधा असा निखळलेला असतो, आणि ज्यांची उखळी नुसतीच उथळ राहिली आहे त्यांची संख्या त्याहून बरीच मोठी.

या दुखण्याचा दगा असा की ते दुखत नाही. बाळ रडत नाही, दूध नीट पितं, वजन वाढतं, हसतं. पालथं पडतं, बसतंही. वर्ष-सव्वा वर्षाचं झाल्यावर ते पहिली पावलं टाकतं आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की पोर एका बाजूला झुकतं आहे. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर ते बदकासारखं डुलत चालतं आणि घरच्यांना त्याचं कौतुकच वाटतं. तोवर उखळीत चरबी आणि तंतू भरलेले असतात, स्नायू आखडलेले असतात. मग भूल देऊन सांधा बसवायचा, कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालायचं. आणखी उशीर झाला असेल तर शस्त्रक्रिया करून कमरेचं हाड कापून उखळीला नवं छप्पर द्यायचं. तेही नाही झालं तर तरुणपणीच सांध्याची झीज, दुखणं आणि शेवटी कृत्रिम खुबा.

मग जन्मल्या जन्मल्या एक्स-रे का काढत नाहीत? कारण एक्स-रेला हाड दिसतं, आणि नवजात बाळाच्या खुब्यात पाहण्याजोगं हाडच फारसं नसतं. मांडीच्या हाडाचा गोळा तेव्हा सगळा कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जो लवचिक भाग असतो तशा पदार्थाचा असतो. एक्स-रे त्यातून आरपार जातो. फिल्मवर गोळ्याच्या जागी नुसती काळी पोकळी दिसते. आवाजाचं उलटं आहे. त्याला हाड अडवतं, पण कूर्चेतून तो मोकळेपणी जातो, तिच्या कडा, तिच्यावरचं आवरण, काठावरची ओठासारखी चकती, सगळं दाखवतो. हाड आवाजाला परतवून लावतं म्हणून सांध्यांत सोनोग्राफीचा काय उपयोग, असाच समज होता. बाळाच्या खुब्यात ती आडकाठी अजून उभी राहिलेली नसते हे ज्याने नीट हेरलं तो माणूस म्हणजे ऑस्ट्रियातले अस्थिरोगतज्ज्ञ राइनहार्ड ग्राफ.

ते स्टोलत्साल्पे नावाच्या डोंगरावरच्या रुग्णालयात काम करत. क्षयाच्या रोग्यांना ऊन आणि स्वच्छ हवा मिळावी म्हणून उभं राहिलेलं ते ठिकाण. देवळालीलाही लोक हवापालटासाठी येत, पारशी-गुजराती-जैन समाजांची सॅनेटोरियमं इथे उभी राहिली ती याच कारणाने, त्यामुळे मला ते दूरचं गाव का कोण जाणे ओळखीचं वाटतं. १९८० मध्ये ग्राफ यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. ज्या गुणधर्मावर सोनोग्राफीचा प्रोब चालतो, म्हणजे काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते आणि वीज दिली की ते कंप पावतात, त्याचा पहिला अर्धा भाग प्येर आणि झाक क्युरी या भावांना सापडला १८८० मध्ये. मधली बरोबर शंभर वर्षं.

आता ही तपासणी जवळून पाहू. बाळाला कुशीवर निजवतात, फोमच्या खोबणीत, म्हणजे ते लोळत नाही. आई डोक्याशी उभी, एक हात खांद्यावर. वरचा पाय किंचित दुमडलेला. जेल आधी कोमट करून घेतलेलं बरं, गार लागलं की बाळ पाय झाडतं आणि सगळं चित्र हलतं. प्रोब खुब्याच्या उंचवट्यावर उभा धरायचा. पडद्यावर प्रथम करडा धुरळा दिसतो. मग त्यातून एक पांढरी सरळ रेघ वर येते, ती कमरेच्या हाडाची बाहेरची कड. तिच्या खाली काळसर गोल, आत बारीक ठिपके विखुरलेला, तो मांडीचा गोळा. त्या दोघांच्या मधे पांढऱ्या रेघेला जिथे वाक येतो तिथून उखळीचं छप्पर सुरू होतं. इथे डॉक्टर थांबतात. तीन खुणा एकाच चित्रात दिसायलाच हव्यात: उखळीच्या तळाशी हाडाचं खालचं टोक, मधोमध सरळ उभी कड आणि काठावरची ती ओठासारखी चकती. यातली एकही हुकली तर चित्र कितीही सुरेख दिसो, ते मोजायचं नाही, हा ग्राफ यांचा दंडक. प्रोब जरा कलला तरी चांगला खुबा वाईट दिसू शकतो.

चित्र गोठवलं की दोन रेघा मारायच्या. एक त्या उभ्या कडेवरून, दुसरी छपरावरून. त्यांच्यातला कोन म्हणजे अल्फा. तो ६० अंश किंवा त्याहून जास्त असेल तर खुबा तयार. ५० ते ५९ असेल आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर तो अजून घडतो आहे, लक्ष ठेवायचं. ४३ च्या खाली गेला तर गोळा निसटलेला असण्याची भीती. शाळेत कोनमापक वापरलेल्या कुणालाही कळेल इतकं हे सोपं गणित आहे, आणि एका मुलाचं चालणं त्यावर अवलंबून असावं याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही. अमेरिकेत डॉ. हार्के यांनी १९८४ पासून याला आणखी एक जोड दिली: पाय हलवता हलवता पाहायचं, गोळा उखळीत टिकतो की काठाकडे सरकतो ते.

यंत्र येण्याआधी फक्त हात होते, आणि ते आजही पहिले आहेत. इटलीतल्या फेरारा शहरातल्या मारिनो ओर्तोलानी या बालरोगतज्ज्ञांकडे एक आई पाच महिन्यांचं मूल घेऊन आली. त्याला धुताना मांड्या फाकवल्या की काहीतरी खट्‌कन लागतं, अशी तिची तक्रार. दुसऱ्या कुणी ती हसण्यावारी नेली असती. ओर्तोलानींनी ती ऐकली, तोच खटका स्वतः अनुभवला आणि १९३७ मध्ये लिहून ठेवला. निसटलेला गोळा उखळीत परत शिरतानाची ती खूण. आज जगभर नवजात बाळाच्या तपासणीत जी चाचणी त्यांच्या नावाने होते ती मुळात एका आईच्या हाताला कळलेली गोष्ट. पण हाताला निसटलेला सांधा कळतो. जागेवर असलेला, पण उथळ उखळीतला सांधा कळत नाही. तो आवाजालाच कळतो.

आणि आता या सगळ्यातली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास मांडीच्या गोळ्याच्या मध्यभागी हाडाचा पहिला कण तयार होतो. तो वाढला की आवाजाची वाट अडते, त्याच्या मागे सावली पडते, सोनोग्राफीत आतलं दिसेनासं होतं आणि एक्स-रेची पाळी येते. जवळपास त्याच सुमाराला साधे पट्टे लावून सांधा वळवण्याचे दिवसही संपत येतात. दोन्हींत कूर्चेचा मोठा वाटा आहे. कूर्चा आहे तोवर आवाज आरपार जातो, आणि कूर्चा आहे तोवरच उखळी चाकावरच्या ओल्या मातीसारखी आत बसलेल्या गोळ्याभोवती आकार घेते. गोळा मधोमध असेल तर खोल आणि गोल, काठावर असेल तर उथळ आणि तिरकी. दिसण्याचे दिवस आणि घडवता येण्याचे दिवस असे एकत्र येतात आणि एकत्रच जातात.

त्या दिवसांतला उपाय एका चेक डॉक्टरांचा. आर्नोल्ड पाव्हलिक यांनी १९४० च्या दशकात पट्ट्यांचा एक साज तयार केला: खांद्यांवरून छातीशी आणि तिथून दोन्ही पावलांना. बाळाचे गुडघे वर आणि मांड्या बाजूला राहतात, पण पाय बांधलेले नसतात. ते लाथा मारू शकतं, आणि त्या लाथांनीच गोळा उखळीत खोल बसत जातो. आधीच्या लाकडी-प्लास्टरच्या साच्यांत पाय जखडल्याने गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायचा. पाव्हलिक यांनी जबरदस्तीच्या जागी बाळाची स्वतःची हालचाल आणली. दर एक-दोन आठवड्यांनी पट्टे न काढता सोनोग्राफी करता येते आणि कोन वाढताना दिसतो. तीन-चार आठवड्यांत गोळा जागेवर आला नाही तर मात्र पट्टे चालू ठेवायचे नसतात, कारण मग ते अपायच करतात.

मांड्या बाजूला, गुडघे वर. आपल्याकडे मूल मान धरू लागलं की आपण त्याला असंच तर घेतो, कडेवर. भगूरच्या बाजारात किंवा कॅम्पातल्या भाजीवाल्यांपुढे एका हातात पिशवी आणि कडेवर मूल घेतलेली बाई पाहिली की मला तिच्या कमरेशी चिकटलेला तो खुबा दिसतो, अगदी हवा तसा बसलेला. आफ्रिकेत मलावीसारख्या देशांत बायका मूल पाठीला बांधतात, पाय दोन्हीकडे फाकलेले, आणि तिथे हा आजार फारच क्वचित आढळतो.

पण कडेवर येण्याआधीचे तीन महिने आपण काय करतो? नाशिकची थंडी, त्यात बाळ-बाळंतीण. न्हाऊ घालणारी मावशी पाय पसरून बसते, बाळाला पायावर पालथं घेते, तेल चोळते. इथवर सगळं छान. मग पाय सरळ व्हावेत म्हणून ती गुडघे दाबून ओढते, दोन्ही पाय जुळवते आणि दुपट्यात घट्ट गुंडाळते. आजीच्या मनात धाकधूक असते: पाय असे बेडकासारखे वाकडेच राहिले तर? खरं म्हणजे ते वाकडे असायलाच हवेत. नऊ महिने दुमडलेले खुबे जोर लावून सरळ केले की सैल गोळा बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. जपानमध्येही बाळांना असं पाय ताठ ठेवून गुंडाळत. १९७५ पासून क्योटोच्या डॉक्टरांनी ते थांबवण्याची मोहीम काढली आणि निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण शेकडा एक ते साडेतीनवरून ०.२ च्याही खाली आलं. ना यंत्र, ना औषध. मालीश सोडायला नको, दुपटंही नको सोडायला. वरून हात-छाती गुंडाळा, कमरेखाली पाय हलतील एवढं सैल ठेवा, इतकंच मावशींना सांगायचं आहे.

कोणत्या बाळाकडे जास्त लक्ष द्यायचं हेही ठाऊक आहे. मुलींमध्ये हा आजार मुलांच्या चौपट-पाचपट. आईकडून येणाऱ्या, सांधे सैल करणाऱ्या संप्रेरकांचा त्यांच्यावर अधिक परिणाम होतो असं मानतात. पहिलं बाळ असेल तर अधिक, कारण गर्भाशय अजून ताणलेलं नसतं. डावा खुबा अधिक, कारण बहुतेक बाळं पोटात अशी असतात की डावी मांडी आईच्या कण्याला लागून आत दाबली जाते. घरात कुणाला हा त्रास असेल तर अधिक. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे पायाळू बाळ. आपल्याकडे पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते म्हणतात, त्याला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात, पावसात वीज त्याच्यावर पडेल म्हणून त्याला जपतात. जन्माची ही गोष्ट गाव पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवत आलं. हल्ली पायाळू बाळ असलं की सिझर होतं, आणि घरच्यांच्या लक्षात सिझर राहतं, बाळ उलटं होतं हे राहत नाही. पण सिझर झालं म्हणून खुब्याची जोखीम टळत नाही. शेवटच्या महिन्यांत बाळ पोटात कसं बसलं होतं हे तो विसरत नाही. कुठलीही आशाताई घरी आल्यावर हे दोन शब्दांत विचारू शकते.

जोखीम असलेल्यांचीच सोनोग्राफी करावी की सगळ्यांची, यावर जगात एकमत नाही. ऑस्ट्रियात १९९२ पासून आणि जर्मनीत १९९६ पासून प्रत्येक बाळाची होते. इंग्लंडात निवडक बाळांचीच. नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये सुमारे १२ हजार बाळांवर तुलना झाली, १९९४ मध्ये निष्कर्ष आले: सगळ्यांची सोनोग्राफी केल्याने उशिरा सापडणारी बाळं घटली, पण खात्रीने म्हणावं इतकी नाही, आणि पट्टे मात्र जास्त बाळांना लागले. जे आपोआप बरं होणार होतं त्यालाही पट्टे लावण्याचा हा धोका खरा आहे. महाराष्ट्रात दर वर्षी जन्मणाऱ्या बाळांची संख्या आणि प्रोब नीट धरू शकणारे हात यांचा मेळ पाहिला तर मला तूर्त निवडक वाटच शहाणपणाची वाटते, एका अटीवर: हाताने तपासणी मात्र प्रत्येकाची व्हावी, आणि एकदाच नव्हे.

भारतातल्या तज्ज्ञांनीही हेच ठरवलं आहे. बालअस्थिरोग, बालरोग, स्त्रीरोग आणि रेडिओलॉजीच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यातली मला आवडलेली युक्ती अशी की खुब्याच्या तपासण्या लसीकरणाला जोडल्या आहेत. जन्मताच, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, म्हणजे आपल्या बोलीतल्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशीला. आई तेव्हा येतेच. आणि दीड महिना ही वेळ तर सोनोग्राफीलाही नेमकी: बहुतेक सैल खुबे आपापले घट्ट होऊन गेलेले, कूर्चा अजून ओली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघरमध्ये झाली. त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेले ओठ आणि वाकडी पावलं यांच्या शेजारी खुब्याचा हा दोषही आहे. तपासणी कुणी करायची, पुढे कुठे पाठवायचं, याची चौकट कागदावर तयार आहे.

देवळालीत तिची गरज मला विशेष वाटते. इथे लष्करी नोकरीमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातली कुटुंबं येतात आणि बदली झाली की जातात. जन्म एका गावी, दीड महिन्याची लस दुसऱ्या, चालायला लागणं तिसऱ्या. बाळाबरोबर सगळीकडे जातं ते लसीकरणाचं कार्ड. त्यावर लशीच्या तारखेशेजारी ‘खुबे पाहिले’ एवढं लिहिलेलं असलं तर पुढच्या छावणीतल्या डॉक्टरला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर गर्भलिंग निदान केलं जात नसल्याची पाटी असते, लॅम रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुठेही जा. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला, देशाचा कायदा १९९४ चा. त्यामुळे यंत्राची आणि जागेची नोंद लागते, आणि फिरतं यंत्र पिशवीत घालून खेड्यात नेता येत नाही. कायदा हवाच, त्याची कारणं या राज्याने भोगली आहेत. म्हणून यंत्र बाळाकडे न जाता बाळाला यंत्राकडे यावं लागतं, लहवितहून, नाणेगावहून. ज्या यंत्राच्या पडद्यावर मुलगी आहे हे कळलं म्हणून कित्येक मुली जन्मू दिल्या गेल्या नाहीत, त्याच यंत्राने ज्यांचं चालणं वाचतं त्यात मुलीच अधिक आहेत. त्यांच्यासाठी त्या पाटीखालून आत जायला कुणी संकोचू नये.

तेव्हा दीड महिन्याच्या लशीला जाताना पहिली मुलगी असेल, बाळ पायाळू असेल, घरात कुणी लहानपणापासून लंगडत असेल, दुपटं बदलताना एक मांडी दुसरीइतकी उघडत नसेल, तर सिस्टरना आणि डॉक्टरांना ते आपणहून सांगा आणि खुब्याच्या सोनोग्राफीची चिठ्ठी मागा. केंद्रात गेल्यावर अल्फा कोन किती आला हेही विचारा, दोन्ही बाजूंचा, आणि तो कार्डावर लिहून घ्या.